घसरगुंडीशेजारचा गुलमोहर

तो गुलमोहर पाडून दोन आठवडे झाले, तरी त्याचा उघडा बुंधा डोळ्यांपुढून हलत नाही. पाडायचा अहवाल माझाच होता.

मी महापालिकेच्या उद्यान विभागात झाडं तपासतो. झाडाइतकंच त्याच्याखाली कोण असतं हेही बघावं लागतं. कोपऱ्यातल्या झाडाची ढोली पक्ष्यांसाठी राखतो. तीच बाकाशेजारी निघाली तर झोप उडते.

हा गुलमोहर घसरगुंडीवर झुकलेला. छातीच्या उंचीवर घेर २.२ मीटर, म्हणजे व्यास साधारण ७० सेंटिमीटर. पालवी भरगच्च, पण बुंध्याशी गॅनोडर्मा, फळीसारखी कडक तपकिरी बुरशी. मोगरीने ठोकत फिरलो. तीन बाजूंना टणक आवाज, घसरगुंडीकडे बद्द. मग ड्रिल लावलं. त्याची सुई टोकाला जेमतेम ३ मिलिमीटर जाड. लाकूड तिला किती अडवतं, त्याचा आलेख निघतो. निरोगी कवच त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून पातळ झालं की धोका धरायचा, असा ढोबळ नियम आहे. इथे ३५ पैकी ८ सेंटिमीटर उरलं होतं.

घसरगुंडी हलवा, मी फांद्यांचा भार उतरवतो, असं आधी लिहिलं. उत्तर आलं, खालची रबरी फरशी नवी आहे. मग दुसरा अहवाल लिहिला.

पाडायच्या दिवशी रोज फिरायला येणारे एक आजोबा म्हणाले, "साहेब, हिरवंगार झाड मारताय." पाणी बाहेरच्या लाकडातून वर चढतं, गाभा कुजला तरी पालवी येते, असं सांगितलं. त्यांना पटलं नाही. मलाही त्या क्षणी ते पोकळच वाटलं.

खोड उपटल्यावर पदपथाच्या बाजूची तीन जाड मुळं सरळ रेषेत तोडलेली दिसली. पदपथाचा चर बुंध्यापासून मीटरभरावर खणला होता. व्यासाच्या बारापट अंतरात, म्हणजे इथे आठ मीटरांच्या आत, खणू नये. बुरशी त्या जखमांतूनच शिरली असणार. चर खणताना आम्हाला कुणी विचारत नाही. पाडताना मात्र माझी सही लागते. याचा मला राग आहे आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

मागच्या बाजूचं लाकूड मोजलं, २० सेंटिमीटर, घट्ट. भार उतरवला असता तर आणखी काही वर्षं तगलं असतं का? खाली मुलं खेळतात, म्हणून तो जुगार मी खेळलो नाही.

त्याच चराच्या कडेला आणखी चार गुलमोहर आहेत. मोगरी घेऊन जायचंय. तीन दिवस टाळतोय.