पौर्णिमा, भरती आणि मामा

रविवारी पहाटे साडेपाचला फोंड्याहून पक्षी बघायला निघालो, मी आणि मामा. थंडी म्हणजे आपली गोव्यातली थंडी, स्कूटरवर मार्दोळपर्यंत दात वाजतात आणि नऊ वाजता स्वेटर डिकीत जातो. मामांना पक्ष्यांचं काही पडलेलं नाही, ते मासे गरवणारे माणूस, पण रिटायर झाल्यापासून कुठेही चल म्हटलं की तयार.

बाणस्तारीच्या पुलावर धुकं इतकं की खालची नदी दिसेचना. करमळीच्या तळ्यावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं आणि आधी ऐकू आली ती अडईंची शीळ. शेकड्यांनी बदकं. या अडया रात्रभर शेतांत चरतात आणि दिवसा तळ्यात येऊन पेंगतात, म्हणजे आपण पोचतो तेव्हा त्यांची झोपायची वेळ. बाजूलाच कोकण रेल्वेचा रूळ, एक गाडी धडधडत गेली तर एकानेही मान वर केली नाही. पण पाचच मिनिटांनी एक मार्श हॅरियर, म्हणजे शिकारी पक्षी, पाण्यावरून नुसता तरंगत आला आणि अख्खं तळं उठलं! त्यात मागे टोकदार शेपटीवाले तलवार बदक पण होते, थेट सैबेरियाकडून येणारे पाहुणे. मामा म्हणाले, "एवढ्या लांबून येऊन इथे पण पळापळच."

मी मात्र तासभर कमळपक्ष्यावर अडकलो. लांब शेपटीवाला शोधत होतो आणि मिळेना, मग ट्यूब पेटली की हिवाळ्यात ती शेपूट नसतेच, गळून जाते, म्हणजे समोर इतका वेळ फिरतोय तोच हा. बोटं बघा त्याची, कोळ्याच्या पायांसारखी लांब, पान जरा बुडतं आणि त्याआधीच हा पुढच्या पानावर.

रायबंदरला पातळभाजी-पाव खाल्ला (मिरची मामांनी माझीपण उचलली) आणि फेरीबोटीने चोडणला. धक्क्यापासून जवळच सलीम अली अभयारण्य, १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर खारफुटी. मी रात्रीच पक्ष्यांची यादी करून ठेवलेली, तुतारी, टिवळे, चिखलातले सगळे छोटे लोक. आणि सव्वाअकराला तिथे जाऊन बघतो तर चिखलच नाही! पाणी झाडांच्या मुळांवर चढलेलं, सगळं काठोकाठ. काळ्या टोपीचा एक खंड्या तेवढा फांदीवर, तोही पाठ करून.

मामा हसायला लागले. "आज माघी पौर्णिमा ना रे? मग या वेळेला पाणी भरणारच." त्यांचा हिशेब साधा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. वर पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, पाणी आणखीच चढतं. ढोबळ आहे, नदीत आत गेलं की थोडं मागेपुढे होतं, पण गळ टाकायला पुरतं म्हणे. माझ्या फोनमध्ये चार अ‍ॅप, एकात हवामान सुद्धा, आणि भरती-ओहोटी बघायचं मात्र डोक्यातच आलं नाही. पक्षी चिखलात चरतो तर चिखल उघडा कधी पडतो हे नको का बघायला!

"तुम्ही सकाळीच का नाही सांगितलं?" तर म्हणे, "तू विचारलंस कुठे?"

परत फेरीत उभे होतो तेव्हा एक ब्राह्मणी घार पाण्यातून मासा उचलून आमच्या डोक्यावरूनच गेली, पंजात तो अजून वळवळत होता. मामा हा एकच पक्षी दिवसभरात मनापासून बघत राहिले. "शेवटा असणार," माशाबद्दल एवढंच बोलले.

पुढच्या रविवारी सप्तमी. पाऊणपट सव्वापाच, ती भरती, तिथून सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे साडेअकराच्या सुमाराला ओहोटी. मामांना सांगून ठेवलंय, या वेळी ते गळ पण घेणार आहेत म्हणे.