मामांची गाय आणि शंभर टँकर

रविवारी मामांचा व्हिडिओ कॉल आला. इथे लीड्सला सकाळ, बाहेर पावसाची रिपरिप. मामा नागपुरात, हिंगणा रोडच्या गोठ्यातूनच बोलत होते. "अवं, गाय लंगडून राहिली चार दिवसांपासून. माझी गुडघ्याची गोळी देऊ का तिले? तू तं औषधाच्याच लाइनीत आहे."

पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. ॲसिक्लोफेनॅक. मी जवळजवळ ओरडलेच, "मामा, ठेवा ते!"

औषधाच्या लाइनीत म्हणजे मी गोळ्या बनवत नाही. रक्तात गेलेलं औषध आणि शरीराने त्याचं जे काही केलं असेल ते, दोन्ही मोजते. कधी माणसाच्या रक्तात, कधी उंदराच्या, कधी कुत्र्याच्या. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून नळ्या काढायच्या, बर्फावर वितळू द्यायच्या आणि ५० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम थेंबभर प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढून उरलेला पातळ भाग) घ्यायचा. त्यात ॲसिटोनायट्राइल हे द्रावक पडलं की प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फाटतात. नळी गरगर फिरवून चोथा खाली बसवायचा, वरची निवळी मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणू वजनावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्राला द्यायची. एखाद्याने तेलकट-तुपकट हाणलं असेल तर त्याचा प्लाझ्मा ताकासारखा गढूळ निघतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सावजीची तर्रीच आठवली.

मोजायचं किती? एका मिलिलिटरमध्ये एक नॅनोग्रॅम, हे आमचं रोजचंच. आपल्या उन्हाळ्याच्या हिशेबात सांगायचं तर १० हजार लिटरचे १०० टँकर, आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम मीठ. आईला हे सांगितलं तर म्हणते, "एवढ्या पाण्यात मोहल्ल्याचं किती दिवस भागलं असतं!"

पण नुसतं गोळीवरचं नाव शोधून भागत नाही. माणसाच्या शरीरात ॲसिक्लोफेनॅकचा मुख्यतः हायड्रॉक्सी प्रकार होतो. गायीच्या शरीरात त्याचं झपाट्याने डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखण्यावरचंच दुसरं औषध होतं. तिच्या रक्तात फक्त ॲसिक्लोफेनॅक शोधलं तर वाटेल, चला, निघून गेलं. गेलं कुठे, नाव बदलून तिथेच बसलंय! आणि अशा जनावराचं मढं गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी होतं. २००४ मध्ये पाकिस्तानातला अभ्यास छापून आला. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेली २५ गिधाडं तपासली, पंचविसांतही डायक्लोफेनॅक. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ मध्ये एकातही नाही. आकडे इतके स्वच्छ आमच्या धंद्यात क्वचित येतात.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. ॲसिक्लोफेनॅक बंद व्हायला २०२३ उजाडलं. सतरा वर्षं तेच औषध मागच्या दाराने आत येत राहिलं, याचा मला अजून राग येतो.

मामांना एवढं पुराण सांगितलं नाही. म्हटलं, गुरांच्या डॉक्टरांना बोलवा, दुखण्यावर द्यायचंच झालं तर मेलॉक्सिकॅम देतील, ते गिधाडांना बाधत नाही.

"गिधाडं? आता कुठं राहिली बाप्पा! आम्ही लहान होतो तवा नाल्यावरच्या झाडावर बसून राहत."

संध्याकाळी मेसेज आला: "डाक्टर येऊन गेले. खुरात खिळा होता."