आठ वेळा ओलांडलेला सिग्नल

ड्रायव्हरला सिग्नल वेळेत दिसेल का आणि दिसला तर नेमका कळेल का, हे तपासणं माझं काम. इंग्लंडमधल्या रेडिंगला बसून करते. डोंबिवलीतल्या आत्याची मात्र ठाम समजूत आहे की मी सिग्नलचे दिवे बदलते.

टीममध्ये नवीन कुणी आलं की मी त्याच्यापुढे आधी एसएन १०९ ठेवते. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनाबाहेरचा हा सिग्नल. ५ ऑक्टोबर १९९९ च्या सकाळी आठनंतर तो लाल असताना एक लोकल गाडी पुढे गेली आणि चेल्टनहॅमहून येणाऱ्या फास्ट गाडीवर समोरासमोर आदळली. ३१ माणसं गेली, दोन्ही ड्रायव्हर त्यांतच.

ड्रायव्हरने सिग्नल तोडला, असं म्हणून हात झटकता आले असते. पण हाच सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. एक-दोनदा झालं तर ड्रायव्हरला जाब विचारा, माझी हरकत नाही. आठव्यांदाही त्यालाच? आणि ज्याच्या हातून शेवटी घात झाला, त्याला गाडी एकट्याने चालवायला लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते. या सिग्नलचा इतिहास त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

रुळांवरच्या आडव्या सांगाड्यावर वेगवेगळ्या मार्गांचे सिग्नल ओळीने टांगलेले. हीथ्रोच्या गाड्यांसाठी घातलेल्या विजेच्या तारा आणि त्यांचे आधार मध्ये येत. वर जागा कमी, म्हणून दिव्यांची मांडणी उलट्या एल आकाराची, लाल दिवा खाली डाव्या बाजूला. त्यात सकाळचं कलतं ऊन गाडीच्या पाठीमागून थेट सिग्नलच्या काचांवर. न पेटलेला पिवळाही अशा उन्हात पेटल्यासारखा भासू शकतो. न्यायाधीश लॉर्ड कलेन यांनी केलेल्या या अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष असा, की आपल्याला पुढे जायची परवानगी आहे असं ड्रायव्हरला बहुधा खरंच वाटलं. सिग्नलच्या अलीकडेच त्याने वेग वाढवायला घेतला होता.

मला जास्त खटकतं ते ड्रायव्हरच्या केबिनमधलं. सिग्नल हिरवा असेल तर घंटी वाजते. दोन पिवळे (पुढे सावध), एक पिवळा (पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेव) किंवा लाल, तिन्हींना भोंगा तोच आणि तो बंद करायचं बटणही तेच! गर्दीच्या मार्गावर पिवळे येतच राहतात, भोंगा वाजतो, हात बटणावर जातो. त्या सकाळी दोन पिवळे, मग एक पिवळा, मग लाल, तिन्ही वेळा त्याने बटण दाबलं होतं.

आपल्याकडे मेल-एक्स्प्रेसवर लोको पायलट आणि असिस्टंट सिग्नल हात दाखवून मोठ्याने पुकारतात: एक ‘डबल यलो’ म्हणतो, दुसरा तेच परत म्हणतो. इथले काही सहकारी याला हसतात. मला ती फार शहाणी पद्धत वाटते. तोंडालाही सवय लागते, कबूल. तरी निदान रंगाचं नाव घ्यावं लागतं. बटण रंग विचारतच नाही. (मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमन पुढे एकटाच, तिथे दुसरा कोण पुकारणार?)

२००३ अखेरपर्यंत इथे महत्त्वाच्या सिग्नलांवर लाल ओलांडताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बसली. ती हवीच. पण तिच्या भरवशावर सिग्नल कुठेही टांगायची हौस मात्र वाढलेली दिसते. परवाच एक आराखडा आला, त्यात वळणावरचा सिग्नल थेट खांबाआड. “ब्रेक लागेलच की,” असं उत्तर मिळालं. मी खांबाची जागा बदलायला सांगून तो परत पाठवलाय.