घोंगडीची वीण

काकांनी आयुष्यभर डार्करूममध्ये प्रिंट काढले. आता डोळ्यांना आणि कंबरेला ते झेपत नाही, म्हणून वारीच्या जुन्या निगेटिव्हचे स्कॅन घेऊन ते माझ्याकडे आले. बारा फोटो, सतरा इंची मॅट कागद. बाहेर जुलैचा पाऊस होता आणि माझ्या स्टुडिओत हवा इतकी दमट, की कागद कडेने वळायला लागला होता.

माझा प्रिंटर एप्सनचा ३८८०. त्यात एका वेळी आठ शाया चालतात, त्यांपैकी तीन काळ्या-करड्या. सकाळी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तुंबली आहेत का हे दाखवणारा नमुना, काढला तर फिक्या करड्या रंगाच्या रेघा मधेच तुटलेल्या. दोनदा हेड क्लीनिंग केल्यावर मग पॅटर्न नीट आला.

पहिला प्रिंट मी नेहमीच्या सवयीने कलर मोडमध्ये, कागदाचं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदासाठीची रंगांची फाइल, लावून काढला. ट्यूबलाइटखाली छान करडा दिसत होता. काकांनी तो उचलला, काही न बोलता दारापाशी नेला आणि उजेडाकडे धरला.
"पोरी, हा वारकरी आजारी आहे का? तोंड हिरवं पडलंय त्याचं."

खरंच हिरवट होतं. कलर मोडमध्ये करडा रंग बराचसा निळसर, गुलाबी, पिवळ्या शायांच्या मिश्रणातून बनतो आणि उजेड बदलला की तो तोल ढळतो. लाजच वाटली, हे मला माहीत होतं, फक्त घाई केली होती.

मग ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड निवडला. त्यात मुख्य भार काळ्या-करड्या शायांवर असतो, रंगीत शाई चवीपुरती. फोटोशॉपमधलं प्रोफाइल काढून रंगांचा कारभार प्रिंटरकडे सोपवला. चकचकीत कागदासाठीच्या फोटो ब्लॅक शाईऐवजी मॅट ब्लॅक घेतला. या मशीनमध्ये त्या अदलाबदलीत शाई वाया जाते, जीव तुटतो. पण मॅट कागदावर फोटो ब्लॅक धुतलेल्या कोळशासारखा दिसतो.

दुसऱ्या प्रिंटमधला हिरवेपणा गेला, पण आता मेंढपाळाच्या खांद्यावरची घोंगडी नुसता काळा ठिपका झाली होती. स्क्रीनवर तिची वीण स्पष्ट दिसत होती. स्क्रीनच मी फार उजळ ठेवली होती, हा आणखी एक शहाणपणा.

तेव्हा एकवीस पायऱ्यांची पट्टी छापली, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, पाच-पाच टक्क्यांनी. काकांनी खुर्ची पुढे ओढली. "अगं, ही तर टेस्ट स्ट्रिप!" डार्करूममध्येही आधी अशीच चाचणीची पट्टी काढतात. तोवर ते मशीनकडे परक्या पाहुण्याकडे बघावं तसं बघत होते. चष्मा कपाळावर सरकवून, बोट ठेवत ठेवत ते शेवटाकडे आले. नव्वद, पंच्याण्णव, शंभर : तिन्ही एकच काळा.

टोन 'डार्कर'वर होता, तो ड्रायव्हरचा मूळचाच. 'डार्क'वर आणला आणि फोटोशॉपच्या कर्व्हमध्ये सावल्या किंचित उचलल्या, म्हणजे उजळ केल्या. नवी पट्टी तासभर वाळू दिली, कारण ओली असताना मॅट ब्लॅक फसवतो. दरम्यान दोन चहा झाले आणि पायी वारीत कॅमेरा कोरडा कसा ठेवायचा, यावर काकांनी घेतलेली माझी शिकवणी.

वाळल्यावर तिन्ही पायऱ्या वेगळ्या दिसल्या. मग फोटो. घोंगडीची वीण आली. काका पुन्हा दारापाशी जाऊन आले, परत येऊन ट्यूबखाली उभे राहिले, परत दारापाशी.

मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी विचारलं, "काय काय लावलंस, सांग." प्रिंट उलटा करून मागच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं : मॅट ब्लॅक, डार्क, सावल्या वर. खाली तारीख.
"उरलेले अकरा उद्या," म्हणाले, "ऊन पडलं तर."