फलिताचा रकाना

२८ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री डाक आवृत्तीची पाने सुटली होती आणि शहर आवृत्तीचे पहिले पान जवळजवळ लागले होते, तेवढ्यात वृत्तवाहिनीच्या पडद्यावर व्हाइट हाउसमधील ती बाचाबाची दिसू लागली. खनिज करारावर सही करण्यासाठी आलेले युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स कॅमेऱ्यांसमोर विचारत होते की, या भेटीत तुम्ही एकदा तरी आभार मानलेत का. काही वेळाने झेलेन्स्की सही न करताच बाहेर पडल्याचे कळले आणि पहिले पान पुन्हा लावण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मुख्य बातमी वृत्तसंस्थांच्या मजकुरावर उभी राहणार होती, त्यामुळे तिची मला फारशी काळजी नव्हती. संपादकांनी मात्र फोनवरून सोबत एक चौकट मागितली: बड्या देशांनी परक्या भूमीवर हस्तक्षेप केला किंवा पैसा ओतला, त्यातून त्यांना काय मिळाले. रकाने चार होते: देश, काळ, खर्च आणि फलित. रात्रपाळीची मुख्य उपसंपादक या नात्याने ते काम मी एका तरुण सहकाऱ्याला सोबत घेऊन सुरू केले.

पहिले तीन रकाने भराभर भरले. मार्शल योजना, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने पश्चिम युरोपाला दिलेली मदत: १९४८ ते १९५२, सुमारे १३ अब्ज डॉलर. फलित म्हणून पश्चिम युरोपाची उभारणी लिहावी, तर त्याच मदतीचा मोठा वाटा घेतलेल्या फ्रान्सने १९६६ मध्ये अमेरिकी फौजांना आपल्या भूमीवरून निघून जायला सांगितले होते. मग ती योजना फसली का? मुळीच नाही. फ्रान्स कोणापुढेही मान न तुकवता उभा राहू शकला, हेच तिचे यश होते, असे माझे मत आहे. पण एका सेंटिमीटरच्या रकान्यात ते मावत नव्हते.

इराकपाशी आम्ही सर्वाधिक अडलो. जानेवारी २००७ मध्ये अध्यक्ष बुश यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत इराकी जनता अमेरिकी जनतेची फार मोठी ऋणी असल्याचे म्हटले होते. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने इराक सरकारसाठी अठरा उद्दिष्टे कायद्यानेच ठरवून दिली, आणि अमेरिकेच्याच लेखापरीक्षण यंत्रणेने सप्टेंबरमध्ये अहवाल दिला की, त्यांपैकी पूर्ण झाली आहेत केवळ तीन. म्हणजे एकाच वर्षात कृतज्ञताही मागितली गेली आणि प्रगतिपुस्तकही. आणि ती मागितली कोणाकडून, तर ज्यांच्या देशात परकी फौज महासंहारक शस्त्रांच्या नावाने शिरली आणि ती शस्त्रे सापडलीच नाहीत, त्यांच्याकडून. ज्याने बोलावले नाही, त्याच्याकडे पाहुणचाराचे बिल पाठवण्याचाच हा प्रकार होता. अफगाणिस्तानच्या ओळीत निदान जाब विचारणारा योग्य ठिकाणी उभा होता: पुनर्बांधणीवर वीस वर्षांत खर्च झालेल्या सुमारे १४५ अब्ज डॉलरचा हिशेब अमेरिकेच्या विशेष महानिरीक्षकांनी काबूल पडले त्याच महिन्यात मांडला, तो आपल्याच सरकारपुढे. फलित मागण्याचा निर्विवाद अधिकार मला तेवढाच दिसतो, आपल्या करदात्याने आपल्या सरकारकडे मागण्याचा.

आमची यादी पाहून पलीकडच्या टेबलावरचे, निवृत्तीला आलेले ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "यात आपल्या ओळी कुठे आहेत?"

तरुण सहकाऱ्याने लगेच बांगलादेश, १९७१ ही ओळ घातली आणि फलितात 'कृतघ्नता' असे टंकित केले. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांना देश सोडावा लागल्यापासून समाजमाध्यमांवर हीच भाषा चालू होती, तेव्हा त्याचा दोष तरी किती म्हणावा! ज्येष्ठांनी शांतपणे विचारले, "आपण कशासाठी गेलो होतो? सीमेवर सुमारे एक कोटी निर्वासित येऊन पडले होते. ते परत गेले. पूर्वेकडचा पाकिस्तान उरला नाही. मार्च १९७२ मध्ये आपली फौज परतही आली. जे हवे होते ते मिळाले ना? मग आता पन्नास वर्षांचे व्याज कसले मागता?"

"पण सर, आपले जवान गेले त्याचे काय?"

यावर ते श्रीलंकेकडे वळले. त्यांचे थोरले बंधू भारताने तिथे पाठवलेल्या शांतिसेनेत होते. जुलै १९८७ च्या करारानुसार, म्हणजे तिथल्या सरकारच्या संमतीने गेलेली ही सेना ज्या तमिळ जनतेच्या संरक्षणासाठी उतरली, तिच्याच नावाने लढणाऱ्यांशी तिला लढावे लागले. सुमारे बाराशे जवान गेले, आणि पुढे कोलंबोच्याच नव्या अध्यक्षांनी तिला निघून जायला सांगितले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. बंधूंना सलत राहिली ती ही गोष्ट, श्रीलंकेची नव्हे. श्रीलंकेत तर पुढे संसदेजवळ शांतिसेनेचे स्मारक उभे राहिले.

मी फलिताचा रकाना काढून टाकला आणि त्या जागी 'कोणाच्या विनंतीवरून' असा रकाना घातला. संपादक फोनवर थोडे कुरकुरले, मग म्हणाले, चालेल. हा रकानाही सरळ नव्हता, कारण श्रीलंकेच्या ओळीत 'सरकारच्या' एवढे लिहिले, तरी त्या कराराविरुद्ध कोलंबोत उसळलेल्या दंगली झाकल्याच जात होत्या. युक्रेनने मात्र शस्त्रे स्वतःहून मागितली होती. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर आभार मानताना झेलेन्स्कींनीच सांगितले होते की, तुमचा पैसा दान नाही, जागतिक सुरक्षेतील गुंतवणूक आहे. गुंतवणूक म्हटली की दुसऱ्या बाजूने परतावा मागितला जाणार हे उघडच होते, आणि त्या मागणीत मला गैर काही दिसत नाही, फक्त ती आधी कागदावर यायला हवी.

ती कागदावर आली ३० एप्रिलला. दोन्ही देशांनी सही केलेल्या त्या खनिज करारात आधी दिलेल्या मदतीची परतफेड नाही. यापुढील लष्करी मदत मात्र या कराराने दोघांनी मिळून उभारलेल्या संयुक्त निधीतील अमेरिकेचा वाटा म्हणून धरता येते.