लव दाट आली, तंतू मात्र खचला

एसईएमवरचं (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरचं) चित्र पाहून सगळे खूश होते. ७ मायक्रॉन जाडीच्या टी३०० जातीच्या कार्बन तंतूभोवती नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, दाट, एकसारखी लव. दुसऱ्या दिवशी त्याच जुडीतले तंतू ओढून तपासायला घेतले, तर कित्येक तंतू, ज्या कागदी चौकटीवर एकेक चिकटवून ओढतात तिच्या कडा कापतानाच तुटले.

पद्धत नेहमीचीच. ॲसिटोनमध्ये साइझिंग (तंतूवरचा कारखान्यातला लेप) काढलं, नॅनोट्यूब उगवायला लागणारं लोह बसावं म्हणून आयसोप्रोपॅनॉलमधल्या फेरिक नायट्रेटात बुडवून वाळवलं, क्वार्ट्झ नळीत आर्गॉन, मग हायड्रोजन, आणि ७५० अंशांवर काही मिनिटं ॲसिटिलीन, म्हणजे नळ्यांसाठी कार्बन देणारा वायू.

ताणचाचणीत दोन ठिकाणी हमखास चूक होते. क्षेत्रफळ काढताना लवेसकट व्यास धरला, तर ताकद उगाच कमी दिसते. लव भार घेत नाही, म्हणून आतल्या तंतूचाच व्यास हवा. दुसरी चूक जास्त गंभीर. २५ मिमीच्या चौकटीवर चिकटवताना किंवा कडा कापताना तुटलेले तंतू मोजणीतून गाळले, की उरतात फक्त दणकट आणि सरासरी छान येते. ते कितीजण गाळतात हे पाहिलं की वाईट वाटतं. असे किती तुटले, हा आकडा निकालातच यायला हवा.

दोष नॅनोट्यूबवर ढकलायच्या आधी आणखी दोन जुड्या भट्टीत घातल्या. एक कोरी, नुसत्या आर्गॉनमध्ये तापवलेली: तिची ताकद थोडी उतरली. दुसरीवर लोह, हायड्रोजनही दिला, पण ॲसिटिलीन अजिबात नाही. एकही नॅनोट्यूब नसताना ती लववाल्या जुडीइतकीच खचली होती आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे होते. तापलेलं लोह तंतूतलाच कार्बन विरघळवून आत शिरतं, हायड्रोजन त्यातला काही मिथेन करून नेतो. ठिसूळ तंतू अशा एका खड्ड्यापासूनच तुटतो. म्हणजे लव उगवण्याआधीच नुकसान झालेलं असतं.

तंतूंना बांधून ठेवणाऱ्या रेझिनला पकड मिळावी म्हणून लव हवी, पण त्यासाठी तंतूची लांबीतली ताकद गमावायची हे मला पटत नाही. एमआयटीतल्या गटाने २०१३ मध्ये दोन वाटा दाखवल्या. एक, पॉलिमरचा लेप देऊन ॲसिटिलीन आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये ४८० अंशांवर वाढ. दुसरी, ॲल्युमिनाचा थर देऊन जुडी ताणलेली ठेवत जास्त तापमानावर वाढ.

माझी अडचण कोऱ्या जुडीची आहे. तिच्यावर लोह नव्हतं, तरी ती उतरली. ती नळीत सैल पडली होती. ताण नसल्यामुळे किती उतरली आणि आर्गॉनमधल्या उरल्यासुरल्या ऑक्सिजनमुळे किती, हे एका चाचणीत वेगळं होत नाही. आता दोन कोऱ्या जुड्या, एक सैल आणि एक वजन लटकवलेली, एकाच नळीत शेजारी तापवायच्या आहेत.