स्पॅनिश पाट्यांवरचा राग

अमेरिकेत स्पॅनिश पाटी दिसली किंवा फोनवर 'इंग्रजीसाठी एक दाबा' ऐकू आलं की काहींचं डोकं फिरतं. त्यात आपलेही लोक असतात: "आम्ही इंग्रजी शिकूनच आलो ना, मग या स्पॅनिश बोलणाऱ्यांना काय झालं?"

दुकानांचं सोडा. तिथे स्पॅनिश असते ती गिऱ्हाईक आणते म्हणून, कोणी सक्ती केलेली नसते. खरा वाद सरकारी स्पॅनिशवर आहे, आणि तिचे नियम वाद घालणाऱ्यांनी क्वचितच वाचलेले असतात.

मतपत्रिका घ्या. केंद्राच्या मतदान हक्क कायद्यात 1975 साली कलम 203 आलं. एखाद्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, मतदानाच्या वयाचे, इंग्रजी नीट न येणारे एका भाषागटाचे नागरिक 10,000 पेक्षा जास्त किंवा 5 टक्क्यांहून अधिक असतील आणि त्या गटातलं निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त असेल, तर मतपत्रिका, अर्ज, सूचना सगळं त्या भाषेतही द्यावं लागतं. मोजणी नागरिकांचीच होते, त्यामुळे 'बेकायदा आलेल्यांसाठी हे लाड' हा आक्षेप इथे टिकत नाही. पोर्टो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतल्या बेटाचे लोक तर जन्मानेच अमेरिकी नागरिक, आणि त्यांची शाळा स्पॅनिशमधून होते.

बंदी घालून काय होतं, ते मायामीने दाखवलं. मायामी ज्या काउंटीत येतं त्या डेड काउंटीने 1973 साली द्विभाषिक धोरण स्वीकारलं. 1980 साली क्यूबातून लोकांचा लोंढा आला आणि त्याच वर्षी मतदारांनी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेवर काउंटीचा पैसा खर्च करायला मनाई केली. पण आजारी माणूस इंग्रजी शिकेपर्यंत थांबत नाही, पर्यटकही थांबत नाही. 1984 साली आरोग्यसेवा, आणीबाणी आणि पर्यटन वगळावं लागलं आणि 1993 साली तो नियमच रद्द झाला. कॅलिफोर्नियाने 1986 साली इंग्रजीला अधिकृत भाषा केलं. स्पॅनिश मतपत्रिका तिथे आजही छापल्या जातात, कारण केंद्राचा कायदा वरचढ. मार्च 2025 च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी देशाची अधिकृत भाषा झाली आणि परभाषिकांना सेवा देण्याबाबतचा 2000 सालचा आदेश रद्द झाला. पण चालू सेवा बंद कराच, असं नव्या आदेशातही नाही. ते ज्या त्या खात्यावर सोडलंय.

माझ्या मते बोलायचंच असेल तर दर्जावर बोला. स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने लांबतो. पाटीचा आकार तोच ठेवला की अक्षरं बारीक होतात आणि चार पावलांवरूनही वाचता येत नाहीत. दवाखान्यात तर चूक महागात पडते. केंद्राचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना पात्र दुभाषी मोफत द्यावा लागतो. अल्पवयीन मुलाकडून दुभाष्याचं काम करून घेता येत नाही; अपवाद फक्त तातडीच्या वेळी, तोही दुभाषी मिळेपर्यंत. कारण उघड आहे: दहा वर्षांचं पोर आईला गाठीचं निदान कसं सांगणार? ते घाबरून अर्धं गाळतं, आणि डॉक्टरला वाटतं, सगळं पोचलं. औषधाच्या सूचनांसारखा महत्त्वाचा मजकूर यंत्राने भाषांतरित केला, तर जाणकार माणसाने तपासणं बंधनकारक आहे.

आणि पाटीवर स्पॅनिश, पण खाली दिलेला फोन उचलणाऱ्याला फक्त इंग्रजी येतं, हा प्रकार सर्वांत वाईट. अशी पाटी लावण्याआधी त्या नंबरवर एकदा स्पॅनिशमधून फोन करून बघावा.